काजीदांनी धरलेला कागद

1985 सालच्या जूनमध्ये कूचबिहारला पाऊस असा लागला होता की बँकेच्या तिजोरीतल्या नोटासुद्धा सादळल्या. मी मिरजेचा. पावसाचं मला अप्रूप नाही, पण कृष्णाकाठचा पाऊस अधूनमधून दम खातो. हिमालयाच्या पायथ्याचा खात नाही. तोर्षा नदीचा बांध, सागरदिघीचं पाणी, राजवाड्याचा घुमट, सगळं आठ-आठ दिवस एकाच राखी रंगात बुडालेलं. आणि अशा आभाळात आमचे हेडकॅशियर चंद्र शोधत होते.

रमजानचा एकोणतिसावा रोजा होता. शाखेत सगळे त्यांना चाचा म्हणत. दिवसभर घोटभर पाणी न पिता त्यांनी रोकड जुळवली होती, तीही पैची चूक न करता. तिजोरीची एक किल्ली त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. ईदची सुट्टी कागदावर ठरलेली असली तरी चांदाबरोबर एक दिवस पुढेमागे सरकायची, त्यामुळे त्या चंद्रकोरीशी माझाही संबंध होताच. चाचा म्हणाले, "साहेब, घरीच चला. उद्या उघडायचं की परवा, ते आज रात्री कळेल."

पत्र्याच्या घरात आम्ही ट्रान्झिस्टर मध्ये ठेवून बसलो. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की बातम्या कानाला लावून ऐकाव्या लागत. कोलकाता केंद्र चांदाबद्दल काही बोलेना. मग चाचांच्या थोरल्या मुलानं काटा फिरवून ढाका लावलं. निवेदकानं चार वाक्यं सांगितली, आणि पाठोपाठ एक गाणं सुरू झालं. त्या चार वाक्यांनी जे झालं नव्हतं ते गाण्याच्या पहिल्या सुरांनी झालं. पोरं ओरडत पावसात पळाली, चाची स्वयंपाकघरातून गुणगुणतच बाहेर आल्या, शेजारच्या घरातून तेच गाणं दुसऱ्या रेडिओवर अर्ध्या क्षणानं मागे ऐकू येऊ लागलं. चाचा एकटे ठाम. "तो त्यांचा चांद. आपला कोलकात्याहून यायचाय." तोवर आत शेवया भाजल्याचा वास सुटलाही होता.

माझे वडील मिरजेत पेट्या लावून द्यायचे. सूर बेसूर झालेल्या हार्मोनियमच्या पत्त्या घासण्यात माझं लहानपण गेलं, त्यामुळे भाषा कळो न कळो, राग आधी कळतो. गाणं पिलूत होतं. ठुमरी-दादऱ्यातला, दोन्ही गंधार खेळवणारा आपला पिलू, खाली केरवा. मी विचारलं, गाणं कुणाचं? चाचांनी हात खिडकीबाहेर, पूर्वेकडे केला. "लिहिलं काजीसाहेबांनी. पण गायलं आमच्या तुफानगंजच्या माणसानं. इथून बसनं तासाभराचं गाव." त्या तासाभराचा त्यांना केवढा अभिमान होता!

गाण्याचं नाव ‘ओ मन रमजानेर ओइ रोजार शेषे’. काजी नजरुल इस्लाम यांनी ते 1931 साली लिहिलं, आब्बासउद्दीन अहमद यांनी गायलं आणि 1932च्या फेब्रुवारीतल्या ईदेला त्याची तबकडी बाजारात आली. आज बांगलादेशात चांद दिसल्याची घोषणा झाली की टीव्ही आणि रेडिओ हेच लावतात. पश्चिम बंगालच्या मुसलमान वस्त्यांमध्येही तीच कथा. आपल्याकडे ‘सुखकर्ता’ सुरू झाल्याशिवाय गणपती बसल्यासारखं वाटत नाही, तसं बंगालीत या गाण्याशिवाय ईद लागत नाही. फरक एवढाच की आरतीचा जन्म आपल्याला धूसर दिसतो, आणि या गाण्याचा जन्म अगदी खोली, माणसं आणि चहाच्या पेल्यांसकट सांगता येतो.

ते सांगितलंय खुद्द गायकानंच. ‘आमार शिल्पी जीबनेर कथा’ हे आब्बासउद्दीन यांचं आत्मचरित्र. बसच्या पाट्या आणि खातेदारांच्या सह्या वाचत वाचत मी बंगाली अक्षरं शिकलो, आणि चाचांनी दिलेलं हे पुस्तक माझं पहिलं पूर्ण वाचलेलं बंगाली पुस्तक. गायक स्वतःच्या गाजलेल्या गाण्याची गोष्ट सांगतो तेव्हा मीठ थोडं सढळ पडणार, हे धरूनच ते वाचावं. पण माणूस बढाईखोर वाटत नाही. उलट आपण किती वेळा नकार खाल्ला ते तो खुशीत सांगतो.

1901 साली तुफानगंजजवळच्या बलरामपूर गावी त्याचा जन्म. तेव्हा कूचबिहार संस्थान होतं. (मराठी वाचकाला इथं एक ओळखीचा चेहरा भेटेल: बडोद्याच्या सयाजीरावांची कन्या इंदिराराजे 1913 साली कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न करून इथंच आल्या, आणि नवऱ्यामागं बरीच वर्षं त्यांनी संस्थानाचा कारभार पाहिला. त्यांची मुलगी म्हणजे जयपूरच्या गायत्रीदेवी.) पण राजवाड्यातलं गाणं वेगळं आणि शेतातलं वेगळं. आब्बासउद्दीननं गाणं उचललं ते गाडीवानांकडून, नांगर धरणाऱ्यांकडून. त्या भागात भावाइया नावाचं गाणं आहे. दोतारा हे छोटं तंतुवाद्य घेऊन गातात आणि लांबवलेल्या सुरात मध्येच आवाज मोडतात. खड्ड्याखड्ड्यांच्या वाटेवर बैलगाडीच्या हिसक्यानं गाणाऱ्याचा आवाज मोडायचा, त्याचीच पुढे लकब झाली असं तिकडचे लोक सांगतात. खरं-खोटं गाडीवान जाणोत, पण मी तोर्षेच्या बांधावर ऐकलंय आणि मला ते पटलंय.

तिशीच्या आतबाहेरचा हा मुलगा कोलकात्यात सरकारी कचेरीत नोकरी करायचा आणि गाण्यासाठी ग्रामोफोन कंपनीच्या तालीमघरात घिरट्या घालायचा. तिथं त्याला भेटले नजरुल.

नजरुल म्हटलं की मराठी वाचकाला बहुधा ‘विद्रोही’ ही कविता आठवते, 1922च्या जानेवारीत छापून आलेली, एका रात्रीत कवीला घरोघर पोचवणारी. त्यानंतर राजद्रोहाचा खटला, तुरुंग, तुरुंगात प्रदीर्घ उपोषण. पण 1930च्या सुमारास हा बंडखोर कवी एचएमव्हीसाठी गाणी लिहीत होता, चाली लावत होता आणि गायकांना शिकवत होता. पगारी काम. एका खोलीत पेटी, पानाचा डबा, आजूबाजूला गायिका-गायकांची रांग आणि मध्ये नजरुल, म्हणजे सगळ्यांचे काजीदा. जुन्या साहित्यिकांना हा त्यांचा अधःपात वाटला. मला तसं वाटत नाही. हजारोंच्या घरात गाणी लिहिलेल्या माणसाला रोजच्या मागणीनं हात चालता ठेवला, यात वाईट काय? आमच्या मिरजेच्या सतारमेकरांना कुणी विचारत नाही की तुम्ही सतारी विकण्यासाठी का करता.

तर आब्बासउद्दीनच्या लक्षात एक गोष्ट आली. पियारू कव्वाल यांच्या उर्दू कव्वाल्यांच्या तबकड्या बंगालमध्ये भरपूर खपत होत्या. घेणारे बंगाली मुसलमान. त्यातल्या कितीजणांना उर्दू समजत होतं? मग इस्लामी विषयावर बंगालीत गाणी का नकोत?

प्रश्न साधा वाटतो, पण त्या काळी तो तसा नव्हता. ग्रामोफोनच्या धंद्यात सणाचं महत्त्व कंपनीला पक्कं ठाऊक होतं. आपल्याकडे दिवाळी अंक, तशी तिकडे दुर्गापूजेची गाणी. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून कंपन्या पूजेच्या मुहूर्तावर नव्या तबकड्या काढत. कोलकात्यात 1908 पासून तबकड्या दाबणारा कारखाना होता, लाख घालून केलेल्या त्या काळ्या थाळ्या पूजेआधी दुकानांत रचल्या जात. म्हणजे सणाचं गाणं विकायचं तंत्र तयार होतं, फक्त ते एकाच सणासाठी वापरलं जात होतं. बंगालमध्ये मुसलमान संख्येनं निम्म्याहून जास्त, पण त्यांच्या सर्वांत मोठ्या सणाला त्यांच्याच भाषेतलं गाणं तबकडीवर नव्हतं. कंपनीचं म्हणणं असं की मुसलमान असलं काही घेणार नाहीत. त्यांच्यातल्या धर्मनिष्ठ मंडळींना गाणंच वर्ज्य, शिवाय धर्माचं म्हणजे अरबी-उर्दूत, ही समजूत दोन्ही बाजूंनी घट्ट. बंगाली ही भातशेतीची, भांडणाची, अंगाईची भाषा. देवाशी बोलायला ती चालेल का, याबद्दल खुद्द बंगाली मुसलमानांतही मतं होती.

आब्बासउद्दीननं आधी नजरुलना विचारलं. ते म्हणाले, भगवतीबाबूंना विचार. भगवती भट्टाचार्य हे तालीमघराचे प्रमुख, काय मुद्रित व्हायचं ते ठरवणारे. त्यांनी साफ नाही म्हटलं. असली गाणी खपणार नाहीत. विषय संपला.

काही महिने गेले. एका दुपारी आब्बासउद्दीन तालीमघरात गेला तर भगवतीबाबू आश्चर्यमयी या गायिकेशी गप्पा मारत बसले होते आणि चांगल्या लहरीत होते. वसुलीच्या नोकरीत मी हे तंत्र पुरतं शिकलो: नाही म्हणणाऱ्या माणसाकडे परत जायचं ते तो हसत असताना. यानं विषय काढला. एकदा करून बघा, नाही खपलं तर पुन्हा नका घेऊ. भगवतीबाबू हसले आणि म्हणाले, तू काही पिच्छा सोडणार नाहीस, कर.

काजीदा शेजारच्याच खोलीत होते, इंदुबालांना गाणं शिकवत होते. इंदुबाला म्हणजे त्या काळातलं फार मोठं नाव. बातमी ऐकताच नजरुलनी त्यांना सांगितलं, आज तू घरी जा, मला आब्बासबरोबर काम आहे. पान आणि चहा मागवला, दार लावून घेतलं. अर्ध्या तासात गाणं लिहून झालं आणि चालही लागली. दुसऱ्या दिवशी तबकडीच्या मागच्या बाजूसाठी दुसरं.

अर्धा तास! मी हे चाचांना वाचून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "त्या अर्ध्या तासाआधीची तीस वर्षं मोजा की." ते मी पुढे मोजणार आहे. आधी ध्वनिमुद्रण.

चारच दिवसांत मुद्रण ठरलं. आब्बासउद्दीनचं गाणं पाठ झालं नव्हतं. तेव्हा मेणाच्या थाळीवर सुई थेट रेघ कोरत जायची. आज गायक चुकला तर तेवढी ओळ परत घेतात. तेव्हा चूक म्हणजे मेणाची थाळी वाया आणि पहिल्यापासून सुरुवात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपास मावायचं, त्यात प्रस्तावना, कडवी, शेवट सगळं बसलं पाहिजे. नवखा गायक आणि गाणं चार दिवसांचं. नजरुलनी गाण्याचा कागद हातात घेतला आणि तो गायकाच्या डोळ्यांसमोर, पेटीच्या वर, नीट उंचीवर धरून उभे राहिले. सव्वातीन मिनिटं.

या गोष्टीतलं मला सर्वांत जास्त आवडणारं चित्र हेच. ज्याच्या कवितेनं सरकार हादरलं तो माणूस गाणं चालू असताना कागद हलू नये म्हणून हात ताठ धरून उभा आहे. माझे वडील मैफलीत कुणाची पेटी ऐन वेळी बिघडली तर खाली बसून भाता हातानं दाबून धरायचे, गाणं संपेपर्यंत. श्रोत्यांना ते दिसायचंही नाही.

तबकडीचा क्रमांक एन 4111. ईद जवळ आली तसा आब्बासउद्दीन सुट्टी घेऊन गावी गेला आणि रजा वाढवून तिथंच रमला. परत कोलकात्याला आल्यावर कचेरीला जाताना ट्राममध्ये शेजारी बसलेला एक तरुण काहीतरी गुणगुणत होता. कान दिला तर आपलंच गाणं. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर मैदानावर गेला, तिथं पोरांच्या घोळक्यात एकजण तेच म्हणत होता. धावत धावत तो ओळखीच्या दुकानात गेला, तिथून नजरुलना शोधत. नजरुल बुद्धिबळात बुडालेले. बुद्धिबळाला बसले की त्यांना जगाचं भान नसे, पण याचा आवाज ऐकताच डाव टाकून उठले आणि मिठी मारली. भगवतीबाबू काय म्हणाले? आणखी गाणी आणा.

मग इस्लामी गाण्यांचा पूरच आला, आणि त्या पुरात एक गंमत घडली जी मला गाण्याइतकीच महत्त्वाची वाटते. पूर्वी मुन्शी मोहम्मद कासेम हा गायक ‘के. मल्लिक’ या नावानं श्यामासंगीत, म्हणजे कालीमातेची भजनं गायचा, कारण गिऱ्हाइकाला गायक हिंदू वाटलेला बरा. आता उलटं सुरू झालं. धीरेन दास तबकडीवर गनी मियाँ झाले, गिरीन चक्रवर्ती सोना मियाँ. बाजार काय काय करायला लावतो! नाव बदलण्याचं आपल्याकडचं एक उदाहरण आठवतं: 1909 साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढणारे का. र. मित्र मूळचे आजगावकर. ते मात्र बंगालीच्या निव्वळ प्रेमापोटी मित्र झाले होते, खपासाठी नव्हे. आणि नजरुल? त्यांनी नाव बदललं नाही. त्याच नावानं, त्याच पेटीवर ते ईदचं गाणंही लिहीत आणि कालीचंही. बायको प्रमीलादेवी हिंदू, थोरल्या मुलाचं नाव कृष्ण मोहम्मद. कडवे मुसलमान त्यांना काफिर म्हणत, कडव्या हिंदूंनाही ते खपत नसत. ज्यांनी काफिर म्हटलं त्यांच्याही घरात पुढे ईदच्या आदल्या रात्री त्यांचंच गाणं वाजू लागलं असणार, हा माझा आपला तर्क.

आता त्या अर्ध्या तासाआधीची तीस वर्षं. 1899 साली वर्धमान जिल्ह्यातल्या चुरुलिया गावी जन्म. वडील मशिदीचे इमाम. घरी दारिद्र्य असं की पोराला लोक ‘दुखू मियाँ’ म्हणत. नऊ वर्षांचा असताना वडील गेले. त्या वयात त्यानं मशिदीत बांग दिली, मदरशात लहान मुलांना शिकवलं, मग लेटो नावाच्या गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळींत गाणी लिहिली, मग आसनसोलला पावभट्टीत नोकरी केली. पीठ मळणारा उपाशी मुलगा. पुढे पलटणीत भरती होऊन कराचीला हवालदार. 1930 साली त्यांचा लाडका मुलगा बुलबुल देवी येऊन गेला. त्याच्या पुढच्या वर्षी दार लावून, पान तोंडात टाकून हे गाणं.

म्हणूनच गाणं नुसतं आनंदाचं नाही. सुरुवातीला महिन्याच्या उपासानंतर आलेल्या ईदेची खुशी आहे खरी, पण लगेच मनाला सांगणं आहे की आज स्वतःलाच देऊन टाक. सोनंनाणं, वाडे, सगळं त्याच्या वाटेवरचं, तेव्हा जकात दे. दोस्त-दुश्मन विसरून हात हातात घे. मग येतो गाण्याचा खरा गाभा: ज्यांचा रोजा वर्षातून एक महिना नसतो, जन्मभर असतो, त्या गोरगरिबांना, अनाथांना द्यायची आठवण. आणि शेवटी अंगावर भिरकावलेल्या दगडविटांतूनच प्रेमाची मशीद बांधायला सांगितलंय. पावभट्टीतल्या पोरानं आणि काफिर म्हणवून घेतलेल्या कवीनं लिहिलेली कडवी ही. त्यात भाषा गल्लीतली बंगाली, मध्ये मध्ये अरबी-फारसी शब्द जसे बंगाली मुसलमानाच्या बोलण्यात येतात तसे, ओढूनताणून आणलेले नाहीत. देवाशी बोलायला बंगाली चालते, हे कुणी वाद घालून पटवलं नाही, पिलूत गाऊन दाखवलं. पुढे 1952 साली ढाक्यात याच भाषेसाठी मुलांनी गोळ्या झेलल्या, तोवर या गाण्याच्या एकवीस ईदा झाल्या होत्या.

आणि इथंच माझी तक्रार आहे. टीव्हीवर, कार्यक्रमांत, शेवयांच्या जाहिरातींत मी हे गाणं जितक्या वेळा ऐकलं त्यातल्या बहुतेक वेळा पहिली एक-दोन कडवी होतात आणि मग झगमगाट. खुशी ठेवतात, जकात कापतात. आपणही आरत्यांचं हेच करतो, मान्य. पण सव्वातीन मिनिटांत जे बसवायला कवीनं कसरत केली, ते आज तासभराच्या कार्यक्रमात बसत नाही?

नजरुलना याबद्दल काही बोलता आलं नसतं. 1942 साली, त्रेचाळिसाव्या वर्षी, त्यांची वाचा गेली, हळूहळू स्मृतीही. त्यानंतर ते चौतीस वर्षं जगले. 1972 साली त्यांच्या वाढदिवशी, 24 मेला, बांगलादेश सरकारनं त्यांना कोलकात्याहून ढाक्याला नेलं. 29 ऑगस्ट 1976 रोजी ते तिथंच वारले, ढाका विद्यापीठाच्या मशिदीशेजारी त्यांची कबर आहे. आब्बासउद्दीन फाळणीनंतर ढाक्याला गेले होते, ते 1959 सालीच वारले होते. चौतीस वर्षं दर ईदेला आजूबाजूला आपलं गाणं वाजत असताना नजरुल गप्प बसून होते. चाचा सांगायचे, त्यांनी कोलकात्याच्या घरी एकदा लांबून त्यांना पाहिलं होतं: मोठाले डोळे, आणि हातात कागदाचे तुकडे, फाडत बसलेले. चाचांनी पाहिलं ते मी तसंच सांगतो.

1987 साली माझी बदली सांगलीला झाली. निघताना चाचांनी मला जुन्या बाजारातून शोधून ती तबकडी दिली. कडेला टवका उडालेला, त्यामुळे सुरुवातीचे चार फेरे वाया जातात, पुढं वाजते. वडिलांनी ती एकदा ऐकली, डोळे मिटून, आणि म्हणाले, "पेटी जरा चढी लागलीय." मिरजेच्या माणसाकडून यापेक्षा मोठी दाद मिळत नाही. पुढं नातवानं ती फोनमध्ये घेतली, खरखरीसकट.

गेल्या वर्षी रमजान संपत आला असताना नातीची बाळी सांधायला सराफकट्ट्यावर गेलो होतो. वरच्या माळ्यावर बंगाली कारागीर बसतात, हुगळी-मेदिनीपूरकडची पोरं, पाच-सहाजण एका खोलीत, प्रत्येकापुढे छोटी शेगडी आणि चिमटे. त्यातला एक काम करता करता तेच गुणगुणत होता. मला राहवलं नाही. मोडक्यातोडक्या बंगालीत म्हटलं, थांब, तुला मूळ गाणं ऐकवतो, नव्वद वर्षांपूर्वीचं. फोन त्याच्या कानाशी धरला. त्यानं चिमटा खाली ठेवून मन लावून ऐकलं, कपाळाला आठ्या घालत.

"काका, हा कोण गातोय? चाल चुकतोय."

मी काही बोलायच्या आत त्यानं ती मला बरोबर म्हणून दाखवली. आवाज गोड होता, खाली केरव्याचा ठेका बोटानं पाटावर धरलेला. दोन कडवी झाली आणि थांबला.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे काही नाही काका, एवढंच आहे," म्हणाला, आणि बाळी पॉलिशला टाकली.